वाट्यात मागितलेली विहीर

मुलांना पोहायला घालावं का, असं मला शाळेत पालक विचारतात. मी शिक्षिका नाही, भिवंडीतल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. पण माझी मुलगी पोहते हे सगळ्यांना माहीत झालंय, त्यामुळे दाखल्याच्या खिडकीशी उभ्या राहून आया मला हेच विचारत बसतात. मी म्हणते, घाला. डोळे झाकून घाला. पोराला भूक लागेल, अंथरुणाला पाठ टेकताच झोपेल, मोबाइल आपोआप हातातून सुटेल. दम वाढेल. आणि मुख्य म्हणजे भीती वाटली तरी हातपाय हलवत राहायचं, हे त्याला कळेल. एवढं बोलून मी रजिस्टरमध्ये डोकं घालते. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘तुमची कुठे शिकली हो मॅडम?’ आणि तो विचारला की माझं डोकं फिरतं.

ती माझ्या भावाकडे शिकली. माझ्या माहेरच्या विहिरीत. आणि त्याच भावाने माझा केसाने गळा कापला. झालं, सांगून टाकलं. आता नीट सांगते.

आम्ही कामतघरला राहतो. मी, नवरा आणि एकुलती एक मुलगी. नवरा दापोड्याला एका गोदामात सुपरवायझर आहे. मुलगी आठ वर्षांची होईपर्यंत नुसती काडी होती. थंडी पडली की हिची छाती भरायची. मग वाफ, काढा, शाळेला दांडी. आणि भित्री तर इतकी, की वर्गात बाईंनी हिचं नाव पुकारलं तर ‘हजर’सुद्धा शेजारची मुलगी म्हणायची. पाण्याचं तर विचारूच नका. डोक्यावरून तांब्या ओतला तरी किंचाळायची, आख्ख्या मजल्याला कळायचं की आज हिचं न्हाणं आहे. आमचे डॉक्टर एकदा म्हणाले, औषध देतोच आहे, पण हिला पोहायला घाला, श्वासाला वळण लागेल.

मला स्वतःला पोहता येत नाही. यात माझी चूक नाही. माझं माहेर वडप्याच्या बाजूला, हायवेपासून थोडं आत. भाताचं शेत, आणि शेतात दगडाने बांधलेली, पायऱ्यांची विहीर. भाऊ सहा वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी त्याच्या पाठीला रिकामा डबा बांधला आणि त्याला पाण्यात ढकललं. मी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. मी काठावर बसून त्याची चड्डी-बनियन सांभाळत होते. मलाही शिकवा म्हटलं, तर वडील म्हणाले, ‘तुला कशाला? पोहत पोहत सासरला जायचंय का?’ सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार? पण तो राग माझ्या पोटात अजून तसाच आहे. मुलगी झाली त्याच दिवशी मी ठरवलं होतं, हिला पोहता येईलच. मग आकाश कोसळो.

तर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून एका मोठ्या शाळेच्या स्विमिंग पूलमध्ये मी तिचं नाव घातलं. सकाळी मुलींची बॅच. निळं निळं पाणी, शिट्टी, रांगेत उभ्या टोप्या घातलेल्या पोरी. पूर्ण बॅचभर माझी लेक कडेचा दांडा धरून पाय मारत राहिली. कोच तिच्या डोक्याशी वाकून ओरडायचे, ‘छोड़ो बेटा, छोड़ो!’ ती काही सोडायची नाही. त्यांनी बोटं सोडवली तर ती त्यांच्या हाताला चिकटायची, पालीसारखी. शेवटच्या दिवशी सगळ्या मुलींना प्रमाणपत्र मिळालं, हिलाही मिळालं. ‘प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले.’ मला हसावं की रडावं कळेना.

ही गोष्ट मी फोनवर भावाला सांगितली. आईवडील दोघंही गेलेले, माहेर म्हणून तोच. तो खो खो हसला. म्हणाला, ‘ताई, त्या टाकीत कुणी शिकतं का? आण तिला इकडं. ह्या मे महिन्यात तिचा मासा करतो.’

आणि केला. हे मी कधीही नाकारणार नाही.

मी सुट्टी काढली आणि आम्ही दोघी माहेरी जाऊन राहिलो. रोज सकाळी ऊन चढायच्या आत विहिरीवर जायचं. मे महिन्यातही त्या विहिरीला दोन पुरुष पाणी असायचं. कपारीत पारवे घुमायचे, आत बोललं की आवाज गोल फिरून वर यायचा. पहिल्या दिवशी ती पायरीवर बसून नुसती रडली. मला वाटलं, आता हा ढकलतो. आमच्याकडे तीच रीत आहे, ढकलायचं आणि वरून टाळ्या वाजवायच्या. पण भाऊ तिच्या खालच्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बसला आणि म्हणाला, ‘मला बाबांनी ढकलला होता. अजून रात्रीचा दचकतो. मी न्हाय ढकलणार तुला. तू ये, तुला यावंसं वाटंल तेव्हा.’ तीन दिवस ती आली नाही. तीन दिवस तो बसून राहिला, शेतातली सगळी कामं टाकून. चौथ्या दिवशी ती उतरली.

पुढे त्याने तिच्या पाठीला तेलाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधला, कमरेला दोर. कॅनवर ती तरंगायची आणि हातपाय मारायची. आता खरी गंमत ऐका. रोज कॅन बांधताना तो तिच्या नकळत त्यात थोडं थोडं पाणी भरायचा. आज तांब्याभर, उद्या दोन तांबे. कॅन जड होत गेला, आधार कमी होत गेला, आणि ही आपली कॅनच्या भरवशावर बिनधास्त पोहतेय! एक दिवस कॅन काठोकाठ भरलेला होता. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. भावाने माझ्याकडे बघून डोळा मारला आणि कॅन सोडून तिच्यासमोर उलटा केला. भळाभळा पाणी बाहेर आलं. ती बघतच राहिली. मग ओरडली, ‘मामा, तू मला फसवलंस!’ आणि इतकी हसली, इतकी हसली की गटांगळी खाल्ली. मी पायरीवर बसून रडत होते. सुखाने.

मुलांना पोहायला घालून काय होतं हे मी पुस्तकातून सांगत नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन घास खाऊन ताट सरकवणारी मुलगी तांदळाच्या दोन भाकऱ्या सुकटीच्या चटणीबरोबर खायला लागली. जेवली की पडल्या जागी झोपायची. खांदे मागे गेले, पाठ सरळ झाली. जूनमध्ये शाळा उघडली तर तिच्या बाईंनी मला मुद्दाम बोलावून विचारलं, हिला काय केलंत हो, पहिल्या दिवशी हजेरीला एवढ्या जोरात ओरडली की वर्ग हसला. त्या हिवाळ्यात छातीही आधीसारखी भरली नाही. हे सगळं भावाने केलं. त्या मे महिन्यात मला माझा भाऊ जितका आवडला तितका कधीच आवडला नव्हता.

तो महिना संपता संपता त्याने कागदाचं काढलं.

वडिलांच्या पाठीमागे सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली होती. आमच्याकडे बहिणीने हक्कसोड करून द्यायचं असतं. म्हणजे, वडिलांच्या जमिनीतला माझा हक्क मी भावासाठी सोडला, अशी सही करायची. कायद्याने हिस्सा आहे हो, कुणी नाही म्हणत नाही. पण जी बहीण हिस्सा मागते तिचं माहेर संपलं. तिला मग कुणी आंब्याची पेटी पाठवत नाही, बाळंतपण-आजारपण विचारत नाही, आणि सगळं गाव म्हणतं, भावाच्या तोंडचा घास काढला. माझ्या आत्यांनी सह्या केल्या, मावश्यांनी केल्या, मीही करणारच होते. जमीन मला नकोच होती.

नवरा मात्र फोनवर म्हणाला, ‘सही दे, पण काही हवं असेल तर त्याच कागदात लिहून घे.’ मी त्याच्यावर खेकसले. ‘भावाबहिणीत कागद कसला?’ आता गंमत बघा. मी दिवसभर ऑफिसात काय करते? पालक येतात, ‘मॅडम, सरांशी बोलणं झालंय’ म्हणतात. मी म्हणते, तोंडी चालत नाही, अर्ज द्या, तारीख टाका, सही करा. वीस वर्षं मी लोकांना हेच ऐकवतेय. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा?

रविवार होता. आम्ही सोमवारी घरी परतणार होतो आणि परतताना सही करायची ठरली होती. भाऊ शेवटच्या पायरीवर बसला होता, मुलगी पाण्यात. मी म्हटलं, ‘हे बघ, शेतात तू काय वाट्टेल ते कर. भात लाव, गोदाम बांध, माझी हरकत नाही. माझ्या वाट्यात मला एवढीच विहीर ठेव. आणि विहिरीपर्यंत यायला पायवाट. दर मे महिन्यात मी हिला घेऊन येईन. हिच्या मैत्रिणींना घेऊन येईन. आमच्या तिकडच्या पोरांना कुठे आहे पाणी?’

त्याने मुलीला जवळ बोलावलं. ती निथळत आली. तिच्या ओल्या डोक्यावर त्याने हात ठेवला आणि म्हणाला, ‘भाचीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो ताई, ह्या विहिरीला कुणी हात लावणार न्हाय. आणि पुढच्या मेला तुलाबी उतरवतो बघ. लय वर्षं कपडे सांभाळलेस माझे.’

आता यावर कुठली बहीण कागद मागेल, सांगा. मला तर हुंदकाच फुटला.

दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात तिथल्या माणसाने दस्त वाचून दाखवला. ‘कोणतीही अट न ठेवता, राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता.’ कोणतीही अट न ठेवता. ते शब्द मी ऐकले. त्यांचा अर्थ मला कळत नव्हता असं नाही, असल्या भाषेवरच माझी भाकरी आहे. मी मान डोलावली, फोटो काढून घेतला, मशीनवर अंगठा दिला. बाहेर आल्यावर भावाने आम्हाला उसाचा रस पाजला. मुलीला दोन ग्लास.

पुढचं वर्ष मी हवेत होते. गणपतीला त्याच्याकडे गेलो. मी म्हटलं, चल, विहीर बघून येऊ, किती भरली. तो म्हणाला, ‘लय चिखल हाय ताई, पाय रुतंल.’ खरंच होतं, पाऊस पडत होता. दिवाळीला म्हटलं, तर म्हणाला, ‘गवत माजलंय, जनावर असतं.’ तेही खरंच वाटलं. शेत घरापासून लांब, हायवेच्या पलीकडे. एकटी उठून जावं असं मनातही आलं नाही. का यावं? भाऊ सांगतोय ना.

मार्चमध्ये मी बाजारात जाऊन स्वतःसाठी पोहायचा पोशाख घेतला. लांब बाह्यांचा, गुडघ्याच्या खाली जाणारा, काळा. दुकानदाराने विचारलं, ‘बेटी के लिए?’ मी म्हटलं, ‘नहीं, मेरे लिए.’ त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत जाऊन सगळ्यात मोठा नंबर आणला. मेला! पण मला त्याचंही काही वाटलं नाही. घरी दार लावून आरशासमोर घालून पाहिला. मुलगी म्हणाली, ‘आई, तू घाबरू नकोस हं. मामा ढकलत नाही.’

मे आला. भावाला फोन केला, येते म्हटलं. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात ये, पंप दुरुस्तीला काढलाय. पुढच्या आठवड्यात म्हणाला, सासऱ्यांना बरं नाही. मुलगी रोज बॅग भरायची आणि रोज उपसायची. शेवटी मी म्हटलं, माझ्याच माहेरी जायला मला मुहूर्त कशाला? एका सकाळी रिक्षा केली आणि घरी न जाता थेट शेताच्या वळणावर उतरलो.

पत्र्याचं लांबच लांब कुंपण होतं. मध्ये गेट, गेटमधून डंपर आत-बाहेर. मला आधी वाटलं रिक्षावाल्याने चुकीच्या वळणावर उतरवलं. मग आमच्या शेतापलीकडचं देऊळ दिसलं. गेटमधून पाहिलं. आमचं शेत नव्हतंच. सपाट, राखाडी, रोलर फिरवलेली जमीन, आणि विहिरीच्या जागी काँक्रीट. ओलं होतं अजून, त्यावर गोणपाटं टाकली होती. वॉचमन धावत आला, ‘मैडम, अंदर नहीं, अंदर नहीं.’ मी म्हटलं, ‘हमारा खेत है.’ तो म्हणाला, ‘अब नहीं है.’

मुलगी टॉवेल खांद्यावर टाकून उभी होती. ‘आई, विहीर कुठेय?’

मी तिचा हात धरला आणि उन्हातून चालत भावाच्या घरी गेले. तो अंगणात होता. आम्हाला पाहून त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. माझ्या आधी मुलगीच बोलली, ‘मामा, आपली विहीर कुठे गेली?’ त्याने खाली बसून तिचे दोन्ही दंड धरले. ‘अगं बाळा, पावसात ढासळली ती. कडेचे दगड सुटले. गुरं पडली असती, पोरं पडली असती. म्हणून बुजवावी लागली बघ.’

मुलीचा चेहरा सैल झाला. ‘कुणाला लागलं नाही ना?’ तिने विचारलं. ‘न्हाय, न्हाय,’ तो म्हणाला आणि तिला आत टीव्ही लावून दिला.

मीही क्षणभर विश्वास ठेवला. सांगायला लाज वाटते, पण ठेवला. ढासळू शकते की विहीर. इतक्यात वहिनी पाणी घेऊन आली. तिला वाटलं आमचं सगळं बोलून झालंय. ती आपली भाबडेपणाने म्हणाली, ‘ताई, मी यांना तेव्हाच म्हटलं होतं, मार्चात बोलणी झाली तेव्हाच, की ताईंना विहिरीचं सांगून टाका.’

‘मार्चात? कुठल्या मार्चात?’

‘गेल्या सालच्या,’ ती म्हणाली, आणि मग नवऱ्याकडे बघून घाईने आत गेली.

गेल्या वर्षीचा मार्च. म्हणजे तो माझ्या लेकीबरोबर तीन दिवस पायरीवर बसून राहिला त्याच्याही आधी. कॅनमध्ये पाणी भरत होता, डोळा मारत होता, तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेत होता, तेव्हा त्याला माहीत होतं की ती विहीर जाणार. सगळं ठरलेलं होतं. फक्त माझी सही बाकी होती.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या एवढं सांगते. तो आधी खाली मान घालून ऐकत होता. मग त्यालाही चढलं. ‘मधोमध विहीर ठेवून गोदाम कसं व्हायचं, ताई? ट्रक काय विहिरीला वळसा घालत्यात? घेणाराच न्हाय म्हणत होता.’

‘मग मला सांगायचं होतंस.’

‘सांगितलं असतं तर दिली असतीस सही?’

‘दिली असती!’ मी ओरडले. ‘रडले असते, भांडले असते, पण दिली असती. तू माझा भाऊ आहेस, मेल्या!’

 कोंडीत सापडलेला माणूस जे बोलतो तेच तो बोलला. ‘शिकली न्हाय का तुझी पोरगी? मग आता काय विहीर चाटायची हाय?’

मी मुलीला उठवलं आणि निघाले. वहिनी मागून डबा घेऊन धावत आली, मी घेतला नाही.

मी काही अंधश्रद्धाळू नाही. तरी पुढचे कित्येक दिवस मी उगाचच मुलीच्या कपाळाला हात लावून बघत होते. खोटी शपथ तिच्या डोक्यावर घेतलेली होती. त्याने कशी घेतली? त्याची जीभ कशी वळली? जमीन गेली त्याचं मला काही नाही, ती मी दिलीच होती. विहीर गेली त्याचंही एकवेळ सोसलं असतं. पण ज्या महिन्याला मी आयुष्यातला सगळ्यात चांगला महिना समजत होते, तो आतून पोकळ निघाला. तो माझ्या मुलीला शिकवत होता की माझी सही पिकवत होता? हे विचारून विचारून माझं डोकं शिणलं.

मुलीला मी खरं सांगितलं नाही. नवरा म्हणाला, सांग, ती लहान आहे पण मूर्ख नाही. मी म्हटलं, अजिबात नाही. मला एकच भीती होती. तिच्यासाठी पाणी म्हणजे मामा होता. मामाने सांगितलं की बुडणार नाहीस, म्हणून ती उतरली होती. मामा खोटा ठरला तर पाणीही खोटं ठरेल, आणि ही पुन्हा कडेचा दांडा धरून बसेल. छाती, भूक, झोप, तो हजेरीचा आवाज, सगळं पुन्हा पहिल्यासारखं होईल. म्हणून विहीर ढासळली, एवढंच मी तिला सांगत राहिले. पावसाला दोष दिला. पावसाचं काय जातंय?

तिचं पोहणं सुटू नये म्हणून मी तिला पुन्हा त्याच स्विमिंग पूलवर नेलं, या वेळी संध्याकाळच्या बॅचला. कोचनी तिला ओळखलं आणि कपाळाला हात लावला. पण शिट्टी वाजली तशी ती उतरली आणि एका दमात पलीकडे जाऊन परत आली. कोच माझ्याकडे बघून म्हणाले, ‘ये वही लड़की है? किसने सिखाया?’ मुलगी पाण्यातूनच ओरडली, ‘मामाने!’ बाकावरच्या सगळ्या बायका कौतुकाने माझ्याकडे बघायला लागल्या. मी हसले. आतून जळत होते, पण हसले.

तेव्हापासून संध्याकाळचा तो तास आमचा दोघींचा होता. ड्युटी संपली की मी तिला शाळेतून घ्यायची, तिथे न्यायची, बाकावर तिचा टॉवेल मांडीवर घेऊन बसायची. ती दर फेरीला डोकं वर काढून मी बघतेय ना ते बघायची. येताना वडापाव. रिक्षात ओले केस माझ्या खांद्यावर टाकून ती मला जगातलं सगळं सांगायची, वर्गात कोण कुणाशी बोलत नाही इथपर्यंत. भावाने माझं काय काय नेलं याचा हिशेब मी त्या तासात विसरायची.

भावाशी मी बोलत नव्हते. तो दर रविवारी फोन करायचा, मी न बोलता मुलीच्या हातात द्यायची. त्यांचं आपलं चालायचं, किती फेऱ्या मारल्या, दम लागतो का. दीड वर्ष असं चाललं. मी मनात म्हणायची, बघ, मी किती मोठ्या मनाची आहे, मामा-भाचीत विष कालवत नाही.

परवाच्या रविवारी दुपारी फोन आला. मुलगी वरणभात खात होती, हात खरकटा, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. मी समोर भाजी निवडत होते. तो म्हणाला, ‘काय मासोळी, कशी हायस?’ ती म्हणाली, ‘मामा, आमच्या वर्गात तुझ्या गावची मुलगी आलीय. ती म्हणते विहीर ढासळली नव्हती. तू डंपर लावून बुजवलीस. खरंय का?’

माझा हात थांबला. 

‘खरं हाय,’ तो म्हणाला.

‘मला शिकवत होतास तेव्हा ठरलं होतं?’

‘ठरलं होतं. म्हणून तर त्या मेला शिकवलं, बाळा. विहीर जाणार हे मला ठाऊक होतं. जायच्या आधी तुला त्या पाण्यात पोहायला यावं, एवढंच होतं मनात.’

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. उलट अंगाचा तिळपापड झाला. हे तो मला त्या पायरीवर का नाही बोलला? बोलला असता तर मी आनंदाने सही केली असती, वर विहिरीची खणानारळाने ओटी भरली असती. आणि आज खरं बोलतोय की आजही कॅनमध्ये पाणी भरतोय, हे मला कसं कळावं? एकदा फसलं की माणसाला खरंसुद्धा नीट ऐकू येत नाही.

मुलगी म्हणाली, ‘मग सांगायचं ना मामा. शेवटच्या दिवशी मला भूक लागली म्हणून मी लवकर वर आले होते.’ आणि डाव्या हाताने फोन बंद केला. घास तसाच ताटात होता. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुला माहीत होतं?’

मी खोटं बोलू शकले असते. तोंडापर्यंत आलंही होतं. ‘हो,’ मी म्हटलं.

‘कधीपासून?’

‘त्याच दिवसापासून. पण मी तुझ्यासाठीच...’

ती रडली नाही, आदळआपट केली नाही. हात धुतला, गॅलरीतून स्वतःचा वाळलेला पोशाख काढून आणला, घडी घालून बॅगेत ठेवला. मग म्हणाली, ‘उद्यापासून क्लासला मी बाबांबरोबर जाणार.’

‘अगं, बाबांची ड्युटी असते त्या वेळी,’ मी म्हटलं. ‘त्यांना कसं जमेल?’

‘जमेल,’ ती म्हणाली. ‘मी कालच विचारलं बाबांना. सगळंच विचारलं. त्यांनी लगेच खरं सांगितलं.’